दुखवट्याची दिवाळी

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. बाबांना जाऊन वर्ष व्हायचंय, म्हणून आकाशकंदील नाही की कढई चढली नाही. तरी डबे भरलेलेच आहेत, शेजारचे, आत्याचे, मावशीचे. दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला फराळ पाठवायचा, ही रीत ज्याने घातली त्याला माणूस कळला होता. काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा चकली पुढे करता येते.

सुट्टी होती म्हणून बाबांचं कपाट आवरायला काढलं. कपडे भराभर उरकले, आईने फक्त स्वेटर बाजूला ठेवला. अडलो ते दिवाळी अंकांपाशी. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा सुरू झाली, हे बाबा दरवर्षी नव्याने सांगत. 'आवाज'मधल्या खिडक्या आधी स्वतः उघडून हसत, मग अंक आमच्या हाती येई. 'मौज'च्या समासांत पेन्सिलीच्या बारीक टिपा होत्या: 'ठीक', 'पुन्हा वाचणे', आणि एका कथेपाशी नुसतं 'छे!'. त्या 'छे'मध्ये बाबा अख्खे ऐकू आले. मी मटकन खाली बसलो.

आई म्हणते, सगळे ठेव. दोन खोल्यांत ठेवणार कुठे? शेवटी टिपांचे ठेवले, कोरे रद्दीत काढले. दुःखालाही जागेचा हिशेब सुटत नाही, आणि तो करता करता माणूस जरा सावरतो. यंदाचे अंक मात्र आणणार आहे. आता समासात 'छे!' लिहायचं काम माझ्याकडे आलंय.