‘छान आहे’ म्हणणारे साठ जण

आम्ही दोघी बहिणी पाटणला राहतो. थोरली बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटी कॉम्प्युटर सायन्स शिकणारी. मागच्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात आम्हा दोघींची नावे लागली. छापील अंक थोरलीकडे, त्याची वेबसाइट धाकटीकडे. त्या दिवशी अम्मीने ईद नसताना शिरखुर्मा केला.

प्रकाशन समारंभात आम्ही अभिप्रायाचे कागद वाटले. ‘अंक कसा वाटला? वेबसाइट कशी वाटली?’ साठेक कागद भरून आले. बहुतेकांवर एकच शब्द होता, ‘छान’. काहींनी ‘खूप छान’ लिहिले होते. आम्ही तो गठ्ठा मोठ्या अभिमानाने घरी आणून अब्बांपुढे ठेवला.

अब्बांचे बाजारात शिलाईचे दुकान आहे. त्यांनी चारदोन कागद चाळले आणि विचारले, “बेटा, समारंभातच भरून घेतले ना हे? मग अंक वाचला कधी लोकांनी?”

आम्ही गप्प. ते पुढे म्हणाले, “गिऱ्हाईक आरशापुढे सरळ उभं राहतं आणि ‘छान बसलाय’ म्हणतं. मी त्याला हात वर करायला सांगतो, खाली बसायला सांगतो. मुंढ्यात कुठं ओढतंय ते तेव्हा दिसतं. कच्च्या शिलाईवर असतानाच हे बघायचं असतं.”

राग आला, पण बोलणे पटले. धाकटीने मग शोधाशोध केली. वेबसाइटच्या रचनेचे जाणकार, मूळचे डेन्मार्कचे जेकब नील्सन यांनी २००० साली हेच वेगळ्या शब्दांत लिहून ठेवले आहे. पाच माणसांना वेबसाइट वापरायला द्या आणि नुसते बघा, बहुतेक अडचणी तिथेच कळतात. त्या दुरुस्त करा आणि पुन्हा नवी पाच माणसे बघा.

आम्ही सुरुवात घरातून केली. अम्मीच्या हातात फोन दिला आणि एवढेच म्हणालो, “यातली एक कथा शोधून वाच.” मदत करायची नाही असे ठरले होते. अम्मीने बराच वेळ इकडेतिकडे बोट फिरवले. कथा आम्ही ‘साहित्यसुमने’ या नावाखाली ठेवल्या होत्या. ते नाव सुचले तेव्हा आम्हीच एकमेकींना शाबासकी दिली होती! अम्मीला वाटले, तिथे फुलांचे फोटो असतील. शेवटी पूर्ण अंकाची पीडीएफ उघडली, तर पान एवढेसे. दोन बोटांनी मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाई. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “नंतर वाचते.” ही ‘नंतर’ कधी येत नाही, हे आम्हाला माहीत होते.

पुढे कॉलेजातल्या शिपाईमामांना आणि पहिल्या वर्षाच्या दोन मुलांना वाचायला दिले. एकालाही कथा सापडली नाही. यातला एक मुलगा तर समारंभात ‘खूप छान’ लिहिणारा होता.

पाचवी आमची वर्गमैत्रीण. ती कोयनानगरच्या बाजूच्या एका वाडीतून येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. तिच्या आजीने सांगितलेली त्या पहाटेची हकिगत तिने अंकात लिहिली होती. लेख आम्हाला इतका आवडला की वेबसाइटच्या पहिल्याच पानावर आम्ही तो घेतला. एस. टी. स्टँडवर ती बसची वाट पाहत होती. आम्ही फोन पुढे केला. तिने पान उघडले आणि न वाचताच परत दिले.

“माझा लेख मुद्दाम असा टाकला का तुम्ही?” तिने विचारले.

आम्ही पाहिले. सुरुवातीच्या चार ओळी ठीक होत्या. पुढे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढलेल्या, ‘खोऱ्यातली’ या शब्दातला र फुटलेला, मध्येच परकी चिन्हे. छपाईसाठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला होता. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरामागे इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळतो, म्हणून ते कुठल्याही फोनवर नीट दिसते. जुन्यातून युनिकोडमध्ये मजकूर बदलताना जोडाक्षरे आणि वेलांट्या बिघडल्या होत्या. लेख आमच्या पाठ झालेला, म्हणून आम्ही वरच्या चार ओळी पाहून सोडून दिले होते.

तिने आजीला फोनवरून लेख वाचून दाखवायला घेतला होता. अडखळली, आणि आजी म्हणाली, “तुला लिहिता येत नाही का गं?” सहा महिने ती आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती. नवे काही लिहिलेही नव्हते. साठ कागदांत तिचाही कागद होता. त्यावर ‘छान’ असेच लिहिलेले.

आम्ही तिची माफी मागितली आणि त्याच आठवड्यात कामाला लागलो. ‘साहित्यसुमने’ काढून सरळ ‘कथा’, ‘कविता’, ‘लेख’ असे लिहिले. पीडीएफमधला सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. एकीने छापील अंक मोठ्याने वाचायचा, दुसरीने फोनवर अक्षर न् अक्षर तपासायचे. मराठीत ओळीच्या वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींतली जागा वाढवली. मग नवी पाच माणसे गाठली आणि पुन्हा शेजारी गप्प बसलो. यंदा अभिप्रायाचा कागद अंक घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी देणार आहोत. त्यावर ‘कसा वाटला’ हा प्रश्न नाही. ‘वाचता वाचता कुठे थांबलात? काय सापडले नाही? घरात कोणाला वाचून दाखवले?’ असे तीन प्रश्न आहेत.

आमच्या मोठ्या मॅडमनी एक आठवण करून दिली. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते कारखान्याचे पत्रक म्हणून. वाचक वाढले, बदलले, तसा अंकही बदलत गेला. त्याचे घरोघरी वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली त्याच संस्थेतून ‘स्त्री’ निघाले. आमचा अंक लहान आहे, पण वाचक आमचेही आहेत.

परवा मैत्रीण घरी आली. लेख आजीला पुन्हा वाचून दाखवला होता. आजीने शेवटपर्यंत ऐकला आणि एक चूक काढली. आधी गोठ्याची भिंत पडली, मग घराची. नातीने उलटे लिहिले होते. आम्ही संध्याकाळीच वेबसाइटवर ती ओळ बदलली. छापील अंकात मात्र ती तशीच राहील. मैत्रीण म्हणाली, “आजी आणखी बरंच सांगतेय. यंदा किती पानं देणार?”

थोरलीने पाने मोजायला घेतली आहेत.