थेऊरच्या अलीकडे

मे महिन्यात दुपारच्याला नागपुरात हुडकेश्वरच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटांवर ऊन पांढरंफटक पडलेलं असतं. कूलरच्या ताट्यांतून ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरत असतो. अशाच एका दुपारी मी ‘स्वामी’ पुन्हा वाचायला घेतली, पस्तीसेक वर्षांनी.

प्रत मोठ्या आईची. मोठे बाबा गेले तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. पुढे तिने शिलाई मशीनवर दोन मुली वाढवल्या आणि इथे चहूकडे शेतं होती, पावसाळ्यात चिखलात चप्पल रुतायची, त्या काळात हा प्लॉट घेतला. मी पंधरा वर्षांची असताना तिने हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ची, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६४चा; पण आमच्या घरी ती नुसती ‘माधवराव-रमाची गोष्ट’ होती. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी डोक्यावर आलेली पेशवाई, घरातलाच बेबनाव, आणि त्या सगळ्यात नवराबायकोने एकमेकांसाठी राखलेला हळुवार कोपरा. मी तेव्हा त्या कोपऱ्यात राहायलाच गेले होते.

या वेळीही भाषा तितकीच गोड लागली. शेवटाकडे येताना मात्र ती गोडी घशात अडकली.

१८ नोव्हेंबर १७७२. थेऊरला क्षयाने माधवराव गेले, सत्तावीस वर्षांचे. रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे, कादंबरीकाराने तो बदलावा असं मी म्हणणार नाही. पण मी त्या पानांत एका तरुण बाईचं भय शोधत होते. धूर, धग, शेवटच्या क्षणी मागे ओढणारा जीव. मला मिळाला तो प्रेमाचा कळस. इतक्या सुंदर शब्दांत सजवलेली चिता मी पंधराव्या वर्षी डोळे भरून पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, प्रेम असावं तर असं. ते आठवलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

‘स्वामी’वरची मालिका दूरदर्शनवर लागायची, त्याच सुमारास, ४ सप्टेंबर १९८७ला, राजस्थानात देवराळ्याला रूपकंवर जळाली. अठरा वर्षांची. त्यानंतर देशाने कायदा करून सतीचं उदात्तीकरणही गुन्हा ठरवलं. आमच्या घरात पेपरातली ती बातमी वाचून सगळे हळहळले. पण त्या मुलीचा आणि आमच्या लाडक्या रमाचा काही संबंध असेल, हे माझ्या मनात आलं नाही. इतकी मी त्या भाषेच्या कह्यात होते.

आणखी एक गोष्ट नागपूरकर म्हणून सलते. माधवरावांची फौज १७६९च्या मोहिमेत आमच्या जानोजी भोसल्यांवर चालून आली, नागपूर लुटलं गेलं, मग कनकापूरचा तह झाला. थेऊरच्या आधी काही महिने, त्याच १७७२ साली, जानोजीही वारले. त्यांच्या मागे राहिल्या दर्याबाई. पोटी मूल नाही, दत्तक पुतण्या लहान, आणि गादीवरून मुधोजी-साबाजी या दिरांत वैर. दर्याबाई त्या राजकारणात उतरल्या, साबाजींच्या बाजूने उभ्या राहिल्या. हा वाद मिटला तो १७७५ साली, शहराच्या दक्षिणेला पाचगावच्या लढाईत साबाजी पडले तेव्हा. आमचं हुडकेश्वरही शहराच्या याच अंगाला. रमा आणि दर्याबाई, १७७२ या एकाच साली विधवा झालेल्या दोघी. एकीची गोष्ट मला तोंडपाठ, दुसरीचं नाव मी चाळिशीनंतर वाचलं. दर्याबाई चुकल्या असतील, डाव हरल्या असतील, पण नवऱ्याच्या मागे त्या जगल्या. अशा जगण्यावर माझ्या पंधराव्या वर्षी कोणी इतकं देखणं लिहून हातात द्यायला हवं होतं.

लाइट गेली की मोठी आई आम्हा पोरांना गच्चीवर ‘स्वामी’ सांगायची. गादीवर पाणी शिंपडून आम्ही ओळीने पडायचो. शनिवारवाड्यापासून सुरू व्हायचं, दोन-तीन रात्री चालायचं, आणि माधवराव थेऊरला आले की ती म्हणायची, “चला, झोपा आता.” दुसऱ्या दिवशी ती पुढचं सांगायची नाही. आम्हाला वाटायचं, दिवसभर मशीन चालवून थकली असेल.

परवा भाची आली, पंधराची. टेबलावरचं पुस्तक उलटसुलट करत म्हणाली, “मावशी, लव्ह स्टोरी आहे ना ही?” रात्री गच्चीवर मी तिला सांगायला बसले. थेऊर आलं तसा माझाही आवाज अडखळला.

“मग? रमाचं काय झालं?”

मी सांगितलं, जसं झालं तसं, चार शब्दांत.

ती बराच वेळ गप्प पडून राहिली. मग कुशीवर वळून तिने विचारलं, “तिला कोणी धरून नाही ठेवलं?”