आधी पाण्याची वाट

कलकत्त्याजवळच्या बजबजमध्ये कुणाच्या घराभोवतीची बाग आखायची असली की मी पहिली फेरी आषाढात मारते, तीही पाऊस पडत असताना. पन्हाळीचं पाणी कुठे कोसळतं, कुठे थबकतं, मागच्या पुकुराकडे, म्हणजे तळ्याकडे, कुठून उतरतं आणि पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीही कुठला कोपरा चिखलाचाच राहतो, एवढंच बघायचं. गुलाबाची जागा याच फेरीत ठरते. कागदावरचा आराखडा मागाहून.

आम्हा देशावरच्या माणसांचे हात खड्ड्याला सरावलेले. नाशिक-पुण्याकडे दोन फुटांचा खड्डा घ्यायचा, पोयटा आणि शेणखत भरायचं, रोपाभोवती खोलगट आळं करायचं, कारण तिथे पाणी धरून ठेवायचं असतं. इथली जमीन हुगळीच्या गाळाची, चिकण आणि सपाट. वर्षाचा पाऊस सोळाशे मिलिमीटरच्या वर. असल्या मातीत खणलेला खड्डा पावसाळ्यात हौद होतो. तळाला विटांचे तुकडे घातले तरी पाणी त्या तुकड्यांतच साचतं. त्याला पुढे जायला वाट कुठे असते? मुळांची हवा तुटते, ती कुजू लागतात, पानं पिवळी पडतात, आणि पिवळं पान दिसलं की लोक आणखी खत घालतात. म्हणून वाफा जमिनीच्या वर, दीड फूट उंच आणि मधोमध किंचित फुगीर. डोळा भरलेली गाठ मातीच्या वर दोन बोटं उघडी राहिली पाहिजे.

बंगाली घरांनी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरली आहे. पुकुर खणायचा आणि निघालेल्या मातीवर घराची जागा उंच करून घ्यायची. गुलाबाचा वाफा म्हणजे त्या जोत्याचं धाकटं भावंड. चैत्र-वैशाखात पुकुर आटला की तळाचा काळा गाळ काढून वाळवायचा, फोडायचा, त्यात शेणखत आणि जाड वाळू मिसळायची. काठावर माजलेली जलपर्णीही वाया जात नाही. उन्हात पूर्ण वाळवली की वाफ्यावर आच्छादन म्हणून उत्तम. बागेला लागणारं निम्मं सामान घरामागच्या पाण्यातच असतं, आणि लोक ते सोडून प्लास्टिकच्या पिशव्यांतली माती विकत आणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिशेचं गणित काळ्या ठिपक्यांच्या बुरशीवरून मांडावं. तिच्या बीजाणूंना पानात शिरायला साधारण सात तास ओलं पान लागतं. हिवाळ्यात नदीवरून धुकं येतं, पहाटे पानं निथळत असतात. सकाळचं ऊन लवकर मिळालं तर बुरशीचा डाव अर्ध्यावर मोडतो. म्हणून वाफा पूर्वेला किंवा आग्नेयेला, रोपांत अडीच-तीन फूट अंतर, पाणी सकाळी आणि मुळाशीच. शेजारच्या काकीमांना गुलाब फाटकाशी हवा होता आणि त्यांचं फाटक उत्तरेला. “काकीमा, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, घराची सावली नेमकी इथेच पडेल,” मी म्हटलं. तिथे आम्ही कामिनी लावली. फुलांचे महिने सावलीत गेले तर गुलाब लावायचा कशाला?

महाराष्ट्रात जूनमध्येही छाटणी करतात. इथे मी ती करत नाही. पावसातल्या ओल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. पावसाळ्यात फक्त वाळलेलं काढायचं. खरी छाटणी लक्ष्मीपूजा, म्हणजे आपली कोजागरी, ते कालीपूजा या पंधरवड्यात. पूजा लवकर आली आणि पाऊस रेंगाळला तर थांबायचं. बाहेर तोंड असलेला डोळा शोधून त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यायचा आणि त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावायची. नंतर हाडांचा चुरा, आणि आठवडाभर भिजवलेल्या मोहरीच्या पेंडीचं पाणी, भरपूर पातळ करून. दीड महिन्यानं, पौषाच्या सुमाराला, पहिला बहर येतो.

जातींच्या बाबतीत मी जुन्यांच्या बाजूची. ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ हा सुवासिक लाल गुलाब १८९७ मध्ये आला. प्रदर्शनातल्या नाजूक जाती इथल्या दमटपणात धापा टाकत असताना तो फुलत राहतो. ‘क्वीन एलिझाबेथ’ही तशीच काटक.

बजबजचं आणि गुलाबाचं नातं या जातींहूनही जुनं आहे. कलकत्त्याजवळच्या शिबपूरची वनस्पती बाग १७८७ ची. युरोपातले बहुतेक गुलाब तोवर वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांना चिनी गुलाबांकडून मिळाला, आणि त्यांतले काही ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्त्याच्या या बागेमार्गे विलायतेला गेले. कलकत्त्याहून समुद्राकडे निघालेलं प्रत्येक जहाज बजबजच्या समोरूनच जातं.

इतकं असूनही बंगालचा स्वतःचा गुलाब, रोझा क्लिनोफिला, इथल्या बागांत मला दिसत नाही. पाच पाकळ्यांचा, पांढरा, सखल ओल्या जागी वाढणारा. पूर सोसणारा गुलाब जगात दुर्मीळ, आणि हा तो सोसतो. कोडाईकनालच्या वीरू वीरराघवन यांनी उष्ण प्रदेशांसाठी नव्या जाती घडवताना तो वापरला. मला वाटतं, पुढची पन्नास वर्षं बंगालच्या रोपवाटिकांनी यावरच खर्ची घालावीत. हिवाळ्यात बाखराहाट रस्त्यावरच्या रोपवाटिकांत गेले की मी तो मागते. तिथले दादा म्हणतात, असल्या साध्या फुलाला गिऱ्हाईक नाही, दिदी. मग मी त्यांच्या वहीत माझं नाव लिहवून येते.