वाकू का आता?

मी फिजिओथेरपिस्ट, आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी झीज झाली आहे. कमरेचा मणका दाबून धरणं आता जमत नाही, त्यामुळे टेबलाशी बहुतेक वेळ माझी शिष्या उभी असते. ती रुग्णाला हात कमी लावते. पालथं झोपवते, तळव्यांवर छाती उचलायला सांगते आणि कळ कुठवर आली ते विचारत राहते. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कमरेत आली, की तिचं समाधान होतं. हे तिला मीच शिकवलं. तरी माझा हात न लागता कुणाला उतार पडला की मला लागतं. ‘म्याडमच्या हाताले गुण आहे’ हे बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत लोकांनी म्हणावं, ही हौस मला फार वर्षांची आहे. ती गेलेली नाही.

पाठ मागे वळवण्याचं आम्हाला अप्रूप नाही. 1956 साली न्यूझीलंडमध्ये फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण डोक्याकडून उंच राहिलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, आणि उठला तेव्हा त्याच्या पायातली कळ गेली होती. त्यांच्या पद्धतीची सुरुवात तिथे झाली. पण अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, तिथली मुलं 1936 साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी प्रात्यक्षिकं करून आली, आणि जोर मारताना प्रत्येक पठ्ठ्याची पाठ तशीच वळते. मागे वळवणं सोपं आहे. माझं घोडं अडतं ते पुढे वाकण्यापाशी.

पाय मोकळा झाला की अकोल्याकडची मजूर बाई विचारते, “वाकू का आता?” याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. बँकेतल्या माणसाला सांगता येतं, महिनाभर जपा. हिला मी तसं सांगितलं की ती म्हणते, “घरी बसली तं खाईन काय?” कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. शिवाय वाकायचं फार दिवस टाळलं की पाठ आखडते, मनात भीती बसते आणि ती भीती दुखण्याहून चिवट निघते. लवकर वाकवलं तर कळ पुन्हा पोटरीत. या दोहोंमधला दिवस कोणता?

तो मी आता कपाशीवरून ठरवू लागले आहे. बोंडं खालून वर फुटत जातात. म्हणजे सीतादही, ही वेचणीच्या आरंभीची पूजा, झाल्यावरचा पहिला वेचा सगळ्यात खोल वाकायला लावतो. पुढच्या वेच्यांना हात वर वर जातो. म्हणून पहिला वेचा जाऊ द्यायचा, दुसऱ्याला तासभर, तिसऱ्याला पुरतं. आणि सकाळचा पहिला तास तर मुळीच नाही. रात्रभरात मणक्यांमधली गादी पाणी धरून फुगलेली असते, सकाळी माणूस सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच भरतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरात झाडणं, सडा, भांडी. झाडू लांब दांड्याचा घ्या, भांडी ओट्यावर घासा, हे मी सुनेला एकटीला नाही, सासूसमोर सांगते.

दुखणाऱ्याला घाबरवून पैसे काढणाऱ्यांचा मला राग येतो. एमआरआयचा कागद पुढे धरून ‘मणक्यात गॅप’ म्हणायचं आणि ताणाच्या यंत्राचं पॅकेज गळ्यात मारायचं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, अजिबात दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे 60 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. कागदावरची गादी आणि पायातली कळ जुळते का, हे हात लावून, पाय उचलून पाहावं लागतं. कडकन् आवाज काढून ‘बसवली’ म्हणणाऱ्या हाडवैद्यांचंही तेच. गादी सरकवून जागेवर बसत नसते. बाहेर आलेला भाग बहुतेकांत शरीरच हळूहळू शोषून घेतं. आम्ही फक्त तोवर माणसाला चालतं ठेवतो. हे मान्य करणं माझ्या हाताला जड जातं, पण खरं तेच आहे.

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही. लघवी अडली, नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर माझ्या टेबलावर क्षणभरही थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

बाकीच्यांसाठी एक मागणं शेतमालकांकडे आहे. रिकामी गोणी धुऱ्यावर ठेवली की बाई फेरा वाचवायला कमरेची ओटी ठासून भरते, आणि ते सगळं ओझं वाकलेल्या पाठीच्या पुढे लोंबतं. गोणी कपाशीच्या ओळीच्या मध्यावर ठेवा, आणि ओटी अर्धी भरताच रिकामी करू द्या.