पाकिटाची मागची बाजू

पांढरं चॉकलेट हे चॉकलेट नव्हेच, असं मी पंधरा वर्षं ठणकावून सांगत आले. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसात डिसेंबरमध्ये पार्टी असते आणि प्रत्येकाने घरून काहीतरी गोड करून न्यायचं असतं. कोणी पांढऱ्या ट्रफल्सचा डबा पुढे केला की मी हसून मागे सरायची. आग्रह झालाच तर माझं व्याख्यान तयार: यात कोकोची पूड औषधालाही नसते, असतं ते नुसतं कोको बटर, साखर आणि दूध. माहिती खरी होती, म्हणून मला जास्तच चेव यायचा.

या रागाचं मूळ साताऱ्यात आहे. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी चॉकलेटचे क्लासेस काढले होते. लाद्या आणायच्या, गरम पाण्यावर वितळवायच्या, साच्यात ओतायच्या, चमचमत्या कागदात गुंडाळायच्या. पांढरी लादी त्यातली सगळ्यात वाईट. खाल्ल्यावर टाळूला मेणबत्ती लावल्यासारखा थर बसायचा, तो चहा प्यायल्याशिवाय जायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी पांढरी ट्रफल्स आणणारी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि जाता जाता ते काम माझ्या गळ्यात घालून गेली. मला वाटतं, तिने मुद्दाम केलं.

घरात कुकीजसाठी आणलेलं पांढऱ्या दाण्यांचं पाकीट होतं. ते वितळवायला घेतलं, तर पातळ व्हायच्या ऐवजी कणकेसारखा गोळा झाला. वैतागून पाकीट उलटं केलं. साखर, पाम कर्नेल तेल, दुधाची पूड. कोको बटरचा पत्ताच नाही. पुन्हा पुढची बाजू पाहिली: ‘व्हाइट चिप्स’. चॉकलेट हा शब्द कुठेच नव्हता, मीच तो मनाने वाचत होते. अमेरिकेत २००४ पासून नियम आहे. व्हाइट चॉकलेट म्हणायचं तर कोकोची चरबी किमान २० टक्के हवी, दुधाचे घनपदार्थ किमान १४ टक्के, आणि साखर ५५ टक्क्यांच्या वर नको. नियमात न बसणारे ‘चिप्स’ म्हणून विकतात. साताऱ्याची लादीही कंपाउंडचीच, म्हणजे कोको बटरच्या जागी वनस्पती तेल. थोडक्यात, ज्याला इतकी वर्षं नावं ठेवली ते मी कधी जिभेवर ठेवलंच नव्हतं. खायची वेळ आली की माझं व्याख्यान सुरू व्हायचं.

मग बाहेर जाऊन खऱ्या कोको बटरचं आणलं. गाडीतच एक तुकडा तोंडात टाकला. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरासं खाली. दातांना काही करावंच लागलं नाही. टाळूला काहीही चिकटलं नाही. मागे राहिली ती फक्त दुधाची चव. गाडी सुरू करायच्या आधी अर्धा बार संपला होता.

ट्रफल्स मात्र पहिल्या खेपेला फसली. काळ्या चॉकलेटला दोन भागांना एक भाग क्रीम चालतं, तेच प्रमाण मी धरलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सकाळी भांड्यात श्रीखंड! कोकोची पूड मिश्रण घट्ट धरते आणि इथे ती नसते. माझ्या व्याख्यानातलं वाक्य असं माझ्याच अंगावर आलं. दुसऱ्या खेपेला ३०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅमच क्रीम घेतलं. त्यातली साखर आणि दूध चटकन करपतं, म्हणून गॅस बंद करून नुसत्या गरम पाण्याच्या वाफेवर वितळवलं. तरीही एकदा तूप सुटलं. चमचाभर कोमट दूध घालून घोटत राहिले, तर पुन्हा एकजीव झालं.

गोड ते होतंच, त्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. म्हणून चिमूटभर मीठ, संत्र्याची किसलेली साल आणि बारीक चिरलेली सुकी क्रॅनबेरी घातली. क्रॅनबेरी आमच्या न्यू जर्सीचंच पीक. दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्समध्ये शरद ऋतूत शेतात पाणी सोडतात आणि लालभडक फळं वर तरंगू लागतात. त्या आंबटपणाने ट्रफल ताळ्यावर आलं.

वळताना आणखी एक गंमत झाली. माझे हात बारा महिने गार. लहानपणी लाडू वळायला बसले की आई म्हणायची, ‘तू ऊठ, तुझे फुटतात.’ इथे उलटं. ऊबदार हातात कोको बटर पाझरायला लागतं, माझ्या हातात गोळे गोल आणि कोरडे होत गेले. शेवटी सुक्या खोबऱ्याच्या भुग्यात घोळवले. ट्रफल हे नाव जमिनीखालच्या कंदासारख्या अळंबीवरून आलं, म्हणून ते काळंच हवं, असाही माझा एक जुना मुद्दा होता. इटलीत आल्बाच्या आसपास सापडणारी पांढरी अळंबी काळीपेक्षा महाग असते, हे मी तेव्हा सोयीस्करपणे सांगायची नाही.

आता कबुलीजबाब सुरूच आहे तर आणखी एक. मी त्या ऑफिसात लागले त्या वर्षी ‘घरची डार्क ट्रफल्स’ म्हणून जी नेली होती, ती दुकानातली होती. माझी बिघडली म्हणून ऐनवेळी विकत आणली, कोकोत पुन्हा घोळवली आणि स्टीलच्या डब्यात भरली. हे आजवर कोणाला बोलले नाही.

गेल्या डिसेंबरला आमच्या हिशेब विभागातल्या गृहस्थांनी पांढरी तीन खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, ‘छानच. पण पहिल्या वर्षी आणली होतीस ना, तशी पुन्हा जमली नाहीत तुला.’

मी म्हटलं, ती रेसिपी हरवली.