दहाची पेज

मे महिन्यात खारेपाटणला सकाळचे दहा म्हणजे निम्मा दिवस सरल्यासारखाच. ऊन अंगणात येऊन ठेपलेलं, वारा खाडीकडेच कुठेतरी अडकून पडलेला, आणि काहीही न करता गंजीफ्रॉक पाठीला चिकटलेला. आठचा चहा कधीच जिरून गेलेला असतो, जेवणाला अजून तीन तास असतात. मुंबईहून आलेला पाहुणा या वेळी फ्रीज उघडून उभा राहतो. तात्या पाटावर बसतात आणि त्यांच्यापुढे पेज येते.

लहानथोर सगळे त्यांना तात्याच म्हणतात. आधी गिरणीतून आणि मग वॉचमनच्या नोकरीतून सुटून साठाव्या वर्षी, २००९ साली, ते गावी परतले. निवृत्तीचं सुख कशात, असं विचारलं तर ते आंबे सांगत नाहीत, दुपारची झोपही सांगत नाहीत. "झोप मुंबयत पण गावायची, रातपाळी झाल्यावर," ते म्हणतात, "धाची पेज नाय गावली कधी."

पेज करणं सोपं आहे असं ज्यांनी कधी केली नाही त्यांना वाटतं. वाटीभर उकड्या तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, चूल आणि तासभराचा धीर. शीत फुलून फुटलं पाहिजे, पण विरघळता कामा नये. मीठ शेवटी. तांदूळ जुन्या लाल जातीचा असेल, वालय किंवा बेळा, तर वर तांबूस निवळ येते आणि शितं खाली बसतात. आधी निवळ प्यायची, मग शितं खायची. तोंडी लावायला खारातल्या आंब्याची फोड, चुलीत भाजलेला सुका बांगडा, रात्रीची आटवलेली माशाची कडी. यातलं काहीच नसलं तर खोबऱ्याची कातळी. तात्यांचा क्रम ठरलेला आहे: तीन-चार घोट निवळ, मग बांगड्याचा शेपटीकडचा तुकडा, मग पुन्हा निवळ. मधे बोलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

लहानपणी चमचा नव्हताच. अंगणातल्या फणसाचं जून पान घ्यायचं, टोकाकडून वळवून त्याचा कोन करायचा आणि माडाच्या हिराची काडी टोचून तो अडकवायचा. झाला चमचा. कोवळं पान मऊ पडतं, फार जून घेतलं तर वळवताना तडकतं. बेताचं पान ओळखणं हीच त्यातली विद्या. पावसात लावणीच्या दिवसांत आई डोक्यावर पेजेचा टोप घेऊन शेतावर जायची, मागोमाग हातात पानांचे चमचे घेऊन तात्या. जोत पहाटे बांधलेलं असायचं. दहाच्या सुमाराला बैलही दमायचे आणि माणसंही. बांधावर इरलं कलतं करून वडील बसायचे, चिखलाचे हात बांधाच्या पाण्यात खळबळून धुवायचे आणि टोपावरचं झाकण निघायचं. शेतकऱ्याचा दिवस तेव्हा घड्याळाने नाही, पेजेने दोन भागांत कापलेला होता.

१९६६ च्या पावसाळ्यात, सतरावं वर्ष लागलेलं असताना, तात्या मुंबईला गेले. विजयदुर्गाहून जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असत, म्हणून एसटीने. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा मिळाली आणि काही दिवसांत ओळखीने एका गिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगाराचं काम. पहिली पाळी सकाळी सातची. दहा वाजता तात्या साच्यासमोर तुटलेलं सूत जोडत उभे असायचे.

गंमत अशी की सूतकताईच्या खात्यातली हवा खारेपाटणच्या मे महिन्यासारखीच असते, आणि ती मुद्दाम तशी राखलेली असते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात बाष्प सोडतात. मुंबईत एवढ्या गिरण्या उभ्या राहिल्या त्यामागे बंदर होतं, कापसाचा व्यापार होता, आणि समुद्राकाठची ही दमट हवाही होती. म्हणजे कोकणातला पोरगा आपल्या हवेतून निघाला तो पुन्हा तसल्याच हवेत येऊन उभा राहिला. फक्त तिथे घाम गाळून झाल्यावर दहा वाजता टोपावरचं झाकण निघत नव्हतं. मीठ अंगातून जात होतं, ते परत यायची सोय नव्हती. चहा होता. गिरणगावाने चहावर किती पिढ्या काढल्या याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

जेवण खानावळीचं. गिरणगावात घरच्या चुलीवर पाच-दहा जणांचा स्वयंपाक करून संसार ओढणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांच्या हाती पडू लागलं. तात्यांची खानावळवाली देवगडकडची होती, हाताला चव होती, आणि तरीही तिने कधी पेज केली नाही. पेज डब्यातून जात नाही. गरम असते तोवर सांडते, गार झाली की तिची लापशी होते. शिवाय ती जेवणाच्या वेळेची वस्तूच नाही, ती दोन जेवणांमधली. आणि दोन जेवणांच्या मधली सगळी वेळ गिरणीने विकत घेतलेली होती.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. आठवडे गेले, महिने गेले, आणि कोकणातले कामगार बायकापोरांसह गावची वाट धरू लागले. तात्याही आले. त्या वर्षी त्यांना पेज मिळाली, सकाळीही आणि रात्रीही. पाणी वाढत गेलं, शितं कमी होत गेली आणि तोंडी लावायला मिरची चुरडलेलं मीठ. त्या पेजेविषयी तात्या फारसं बोलत नाहीत. हल्ली शहरात उकड्या तांदळाच्या अर्ध्या किलोच्या देखण्या पिशव्या मिळतात, त्यांवर आरोग्याच्या गोष्टी छापलेल्या असतात. त्या वाचताना हेही ध्यानात असू द्यावं की मूठभर तांदळात आठ माणसांचं पोट भरल्यासारखं वाटायला लावणं, हाही पेजेचा एक उपयोग होता आणि कोकणाने तो पिढ्यान्‌पिढ्या केला.

योगायोगाने त्याच १९८२ साली ढाक्याच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध छापला. पटकीच्या रुग्णांना साखरेच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी तांदळाच्या पिठाचं क्षारयुक्त पाणी दिलं तर तेही काम करतं, असा त्याचा सारांश. तांदळातला स्टार्च आतड्यात सावकाश फुटतो, त्याची साखर होते आणि ती मिठाला व पाण्याला बरोबर घेऊन रक्तात शिरते. आजार्‍याला पेजेची निवळ द्यायची, हे तात्यांच्या आईला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

उकड्या तांदळाची गोष्ट तर याहून जुनी. भात भिजवायचं, सालीसकट उकडायचं, खळ्यात वाळवायचं आणि मग भरडायला न्यायचं. या उकडण्यात कोंड्याजवळचं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे पुढे तांदूळ कितीही सडला तरी ते सगळं वाया जात नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मलायात पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणारे मजूर बेरीबेरीने लुळे पडत होते आणि उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर त्यातून वाचत होते. जावामध्ये कोंबड्यांवर प्रयोग करून या रोगाचं मूळ आहारात शोधणाऱ्या आइकमन यांना १९२९ साली नोबेल मिळालं. खारेपाटणच्या खळ्यात तेव्हाही भात वाळत पडलेलं असणार.

संपानंतर तात्यांना दुसऱ्या एका गिरणीत काम मिळालं. तीही पुढे बंद पडली. मग ठाण्याला एका सोसायटीच्या दारावर खुर्ची. भविष्य निर्वाह निधीतून मिळणारी पेन्शन इतकी थोडी, की २०१४ च्या सप्टेंबरपासून सरकारने किमान पेन्शन महिना हजार रुपये केली तेव्हा तात्यांची वाढली. हजार रुपयांत निवृत्ती निघत नाही. ती निघते दोन कोपऱ्यांतल्या भातावर, चार माडांवर आणि मुलाच्या पैशांवर. भात वर्षाच्या पेजेला पुरतं, एवढं मात्र ते अभिमानाने सांगतात.

डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा त्यांनी पेज सोडली नाही, वाटाघाट केली. पेज आता अळणी असते आणि खारातली फोड आधी पाण्यात धुतलेली. धुतलेल्या फोडीला काय चव राहते ते त्यांचं त्यांना ठाऊक. मधुमेह नाही ही त्यांची मोठी कमाई. शेजारच्या घरातल्या त्यांच्याच वयाच्या मास्तरांना तो आहे, आणि त्यांच्या वाडग्यात निवळच जास्त असते.

२०२० च्या मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर खोळंबल्या, कारण सिंधुदुर्ग जिल्हा इथूनच सुरू होतो. त्या रांगेत तात्यांचा मुलगाही होता. कोरोनाचं विलगीकरण आटोपून तो घरी आला आणि पडवीत लॅपटॉप मांडून बसला. त्याची मीटिंग रोज सकाळी दहाची. आई पेजेचा वाडगा घेऊन उंबऱ्यात उभी, मुलगा हाताने थांबायची खूण करतोय, आणि पडद्यावर कुणी तरी आकडे वाचतंय. तात्यांना आपल्या गिरणीचा भोंगा आठवला असेल का? ते एवढंच म्हणाले, "दे ती हकडे," आणि मुलाचा वाडगाही त्यांनीच संपवला.

संध्याकाळी उन्हं कलली की ते नदीच्या अंगाला फिरायला जातात. पावसाळ्यात हीच शुक नदी बाजारपेठेत शिरते आणि दुकानदारांना माल वर चढवायला लावते. उन्हाळ्यात मात्र ती गरीब असते. या काठावर एके काळी मोठं बंदर होतं. खारेपाटणला सापडलेल्या इ.स. १००८ च्या ताम्रपटात शिलाहार राजा रट्टराज परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजावर एक सुवर्ण गद्याण कर बसवून तो देवस्थानाकडे लावून देतो. इथल्याच १०९४ च्या दुसऱ्या ताम्रपटात अनंतदेव बलिपट्टणच्या भाभण आणि धनम या श्रेष्ठी बंधूंच्या जहाजांना ठाणे, शूर्पारक, चेमुल्य वगैरे बंदरांत जकात माफ करतो. बलिपट्टण म्हणजेच खारेपाटण असं बरेच अभ्यासक मानतात. थोडक्यात, प्रवासात सवलत मिळवण्याची या गावाची परंपरा हजार वर्षांची आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला. तात्यांची पंचाहत्तरी भरली तेव्हा ते आधार कार्ड खिशात घालून नुसते तळेऱ्यापर्यंत जाऊन आले. काम काही नव्हतं.

पण सवलतीने घरात खरा बदल घडवला तो त्याआधीच. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. तात्यांच्या बायकोला ज्येष्ठांच्या सवलतीसाठी लागणारी पासष्टी तेव्हा गाठायची होती. या लेखात पेज करणारा हात कुणाचा हे आतापर्यंत आलं नाही, तसं ते घरातही कधी बोललं जात नव्हतं. तात्या निवृत्त झाले, त्यांच्या पेजेची चूल पेटवणारी बाई मात्र रोज कामावरच होती. अर्धं तिकीट झाल्यावर ती कणकवलीच्या आठवडा बाजाराला शेजारणींबरोबर जाऊ लागली. सकाळची गाडी पकडायची, मिरच्या-कांदे घ्यायचे, एखाद्या हॉटेलात भजी खायची आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. जाताना तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आज पेज तुमची तुमी करा."

तात्यांनी केली. तांदूळ अंदाजाने घेतला, पाणीही अंदाजानेच, आणि मध्ये पेपर वाचायला पडवीत येऊन बसले. दुपारी ती घरी आली, पिशवी खाली ठेवली, टोपात डाव घालून बघितला. डाव उभा राहिला.

"ह्यो भात झालो," ती म्हणाली. "उद्या पाणी मी सांगतंय तितक्या घाला." आणि बाजारातून आणलेला सुका बांगडा तिने त्यांच्या हातात दिला, भाजायला.