पाकीट दिसते, पत्र नाही

पत्र येणे आणि पत्र घरात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आज्यापणज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पत्र आले की ते सगळ्यांना वाचून दाखवायचे आणि मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवून टाकायचे. पोस्टमन पुढच्या आळीत वळला की त्या पत्राशी त्याचा संबंध संपला. उद्या पोस्टाला टाळे लागले तरी तारेवरचे पत्र तारेवरच! आता तार गेली आणि टपाल संगणकावर आले. पण पडद्यावर दिसणारे पत्र आहे तरी कुठे, हा साधा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

मला त्याचे उत्तर शोधायला लावले ते माईंनी. आणि तेही त्या गेल्यानंतर.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी त्या आणि अण्णा राहत. सत्तरी उलटल्यावर माईंनी नातवाकडून मराठी टंकलेखन शिकून घेतले आणि शेवटची चार वर्षे त्या मला ईमेलने पत्रे लिहीत राहिल्या. फोनवर दोन वाक्यांपलीकडे त्यांची मजल जात नसे. पत्रात मात्र त्या मोकळ्या होत. पत्रांचे विषयही त्यांच्याच थाटाचे. ‘कोकमांबद्दल’, ‘कपिला व्याली’, ‘अण्णांचा खोकला’, ‘काही नाही, सहज’.

श्रावणात माईंचे वर्षश्राद्ध झाले. संध्याकाळी पाने आवरल्यावर अण्णा म्हणाले, “सूनबाई, तिची पत्रं वाचून दाखव. तुला काय लिहायची, ते मला कधी सांगितलं नाही तिने.”

मी लॅपटॉप उघडला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, वीज गेलेली, मोबाइलचा टॉवर दुपारपासून मुका. तरी मला चिंता नव्हती. कारण माझे टपाल थंडरबर्ड नावाच्या, संगणकातच राहणाऱ्या कार्यक्रमात येते. माईंच्या पत्रांची यादी झरझर उमटली. विषय दिसत होते, तारखा दिसत होत्या. ‘अण्णांचा खोकला’वर बोट टेकले आणि पत्राच्या जागी इंग्रजी सूचना आली. या संदेशाचा मजकूर ऑफलाइन वाचण्यासाठी उतरवून घेतलेला नाही. दुसरे पत्र, तिसरे पत्र, सगळीकडे तेच.

अण्णांनी सारी हयात टपालखात्यात काढली. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे पाकिटावरचा मजकूर कळवलाय, पत्र पोस्टातच आहे. बटवडा झालाच नाही, असंच ना?”

अगदी असेच! संगणकाच्या विद्वानांनाही ते याहून सोपे करून सांगता आले नसते. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला ईमेल धाडला. पुढे पत्र घरी आणण्याच्या दोन रीती पडल्या. पहिली 1984 सालची. तिचे नावच पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पॉप. हिच्यात पत्र तुमच्या यंत्रावर येऊन पडते आणि पोस्टातली प्रत बहुधा काढून टाकली जाते. दुसरी आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती 1986 साली आखली. हिच्यात मूळ पत्र पोस्टातच राहते. तुम्ही घरून, कचेरीतून किंवा मोबाइलवरून खिडकीशी जाऊन ते वाचायचे. आज बहुतेकांच्या घरी हीच दुसरी रीत आहे. सोयीची खरी, पण खिडकी बंद तर वाचन बंद.

टपालाचे हे वेड मराठीच्या प्राध्यापिकेलाही आपले वाटावे असे आहे. 1988 साली स्टीव्ह डॉर्नर यांनी यूडोरा हा टपालाचा कार्यक्रम लिहिला. त्याचे नाव त्यांनी अमेरिकन कथालेखिका यूडोरा वेल्टी यांच्यावरून ठेवले. का, तर घरच्यांशी भांडून पोस्टातच राहायला गेलेल्या बाईची त्यांची एक गाजलेली कथा आहे. माईंची पत्रेही तशीच पोस्टात राहायला गेली होती. त्यांना घरी आणायचे कसे?

पुण्याला परतल्यावर मी कागदपेन्सिल घेऊन बसले. थंडरबर्डच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, एक चिमुकले चिन्ह असते. कार्यक्रम जोडलेला आहे की मुद्दाम ‘ऑफलाइन’ ठेवला आहे, हे त्यावरून कळते. ते ठीक होते. मग अकाउंट सेटिंग्जमधले ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ हे पान उघडले. सगळ्या कप्प्यांतली पत्रे या संगणकावर ठेवा, अशी खूण तिथे होती. पण खाली बारीक अक्षरांत दुसरा हुकूम होता: फक्त गेल्या तीस दिवसांची! लॅपटॉप दुरुस्तीला गेला असताना दुकानातल्या मुलाने जागा वाचावी म्हणून ही परस्पर काटकसर केली होती. माईंचे शेवटचे पत्रसुद्धा वर्षापूर्वीचे. म्हणून पाकिटे दिसत होती आणि पत्रे नव्हती.

त्या जागी ‘वय न पाहता सर्व पत्रे’ हा पर्याय निवडला. ठरावीक आकाराहून मोठी पत्रे उतरवू नयेत असाही एक अडसर तिथे असतो. फोटो जोडलेली पत्रे त्यात अडकतात. तोही काढला. शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणाखाली कप्प्यांची यादी असते. तिच्यात ‘माई’ या कप्प्यावर खूण आहे ना, ते पाहिले. मग फाइल मेनूतल्या ‘ऑफलाइन’खालचे ‘डाउनलोड/सिंक नाउ’ दाबले आणि काम पुरे होईपर्यंत यंत्र बंद केले नाही.

त्याच पानावर एक सापळा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. जागा मोकळी करण्यासाठी जुनी पत्रे काढून टाकण्याचा पर्याय तिथे असतो. आयमॅपमध्ये तो इथली प्रत तर पुसतोच, शिवाय पोस्टातले मूळ पत्रही पुसतो. त्याला हात लावू नये. आणि उतरवलेली प्रत हीसुद्धा सावलीच. मूळ पत्र पोस्टातून गेले की पुढच्या भेटीत तीही जाते. ज्यांचे खाते कुणी उघडत नाही, त्यांच्या पत्रांना तर मुदतच असते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने 2023 साली जाहीर केले. म्हणून माईंची सारी पत्रे मी ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे केवळ आपल्या यंत्रावरच्या कप्प्यात, उतरवून ठेवली आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. गंमत म्हणजे थंडरबर्ड एरवी एका कप्प्यातली सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत, एकापुढे एक अशी ओवून ठेवतो. तार काही पुरती गेलेली नाही!

एवढे करून मी वायफाय बंद केले आणि सर्वांत जुने पत्र उघडून पाहिले. ज्याला आपली पत्रे हवी आहेत, त्याने ही परीक्षा घरीच, निवांतपणी घ्यावी. पाऊस आणि टॉवर यांच्या भरवशावर ती सोडू नये.

वैशाखात पुन्हा गावी गेलो, तेव्हा टॉवर मुकाच होता. अण्णा पडवीत बसले होते. मी ‘अण्णांचा खोकला’ उघडले.

“आधी तारीख वाच,” अण्णा म्हणाले. टपालखात्याचा माणूस!

तारीख वाचली, मग पत्र. काढ्यात ज्येष्ठमध किती घालायचा ते माईंनी विचारले होते; आणि शेवटी लिहिले होते, ‘यांना खोकला आला की मी रात्रभर जागीच असते. झोपल्याचे सोंग करते, नाही तर ते अंथरुणातून उठून बाहेर जाऊन खोकतात. त्यांना सांगू नकोस.’

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, “मला माहीत होतं. पुढचं वाच.”